ऑक्सफर्ड बुकवर्म्स आणि लिब्रिवॉक्स : इंग्रजी क्लासिक्स वाचत-ऐकत इंग्रजी शिकायचं असेल तर माझा रिव्ह्यू

आधी सरळ सांगून टाकते, ज्यांना इंग्रजी सुधारायचंय आणि ज्यांना गोष्टी मनापासून आवडतात त्यांनी महागडा क्लास लावायच्या आधी ह्या दोन गोष्टी वापरून बघा. एक म्हणजे ऑक्सफर्ड बुकवर्म्स लायब्ररीची पातळ पुस्तकं, ज्यात जुन्या इंग्रजी कादंबऱ्या सोप्या करून दिल्यात, आणि दुसरं लिब्रिवॉक्स ही वेबसाइट, जिथे त्याच कादंबऱ्या मूळच्या, जशाच्या तशा, कुणीतरी वाचून दाखवलेल्या फुकट ऐकायला मिळतात. मध्ये मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्ग ही जुन्या पुस्तकांची फुकट वेबसाइट पण येणार कारण वाचायला मूळ मजकूर मी तिथूनच घेते. तिन्ही जोडीने वापरली तर खरी मजा आहे असं माझं ठाम मत झालंय, सुटं सुटं घेतलं तर प्रत्येकात काहीतरी कमी पडतं, ते पुढे सांगते.

मी मराठी मीडियमची. शाळेत इंग्रजी म्हणजे धडा, प्रश्नोत्तरं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला निबंध. राहते ठाण्यात कोपरीला, नोकरी महापेला ॲडमिनमध्ये, त्यामुळे दिवसभर मेल इंग्रजीत आणि मीटिंग अर्धी इंग्रजीत. काम अडत नाही, पण समोरचा भराभर बोलायला लागला की एक वाक्य डोक्यात उतरेपर्यंत पुढची दोन निघून गेलेली असतात. स्टेशनजवळच्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासलाही जाऊन आले, तिथे वहीत उतरवून घेतलेली वाक्यं आणि एकमेकांना स्वतःची ओळख करून देणं, फी भरपूर आणि गोष्ट एकही नाही. मला गोष्ट लागते. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचून मोठी झालेली माणसं आम्ही, पुढे काय झालं ते कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेववत नाही, तर इंग्रजीसुद्धा त्याच ओढीने शिकावं, असं मला फार वाटत होतं.

आता बुकवर्म्स. ह्यात स्टार्टर आणि मग स्टेज १ ते ६ अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला शब्दांची मर्यादा ठरलेली आहे. स्टार्टरला २५० शब्द, मग ४००, ७००, १०००, १४००, १८०० आणि सहाव्या स्टेजला २५००. इथे एक शब्द म्हणजे त्याची सगळी रूपं धरून एक, म्हणजे 'गो', 'गोज', 'वेन्ट' हे तिन्ही मिळून एकच मोजतात. नुसते शब्दच नाही तर व्याकरणसुद्धा पायरीपायरीने येतं, खालच्या स्टेजला वाक्यं छोटी आणि सरळ, वर जाल तशी लांब होत जातात. पुस्तकाच्या मागे अवघड शब्दांची यादी असते, लेखकाची थोडी माहिती असते आणि वाचायच्या आधीचे, वाचतानाचे, वाचून झाल्यावरचे असे स्वाध्याय असतात. स्वाध्याय मी सोडून देते. माझी भाची नववीत आहे, ती ते मन लावून करते आणि तिला आवडतात, पण मोठ्या माणसाने ऑफिसातून दमून आल्यावर परत गाळलेल्या जागा भरायची काही गरज नाही, त्या वेळात पुढचं पुस्तक सुरू करावं.

शब्द मोजून गोष्ट लिहायची ही पद्धत आपल्याच उपखंडात वाढली हे मला नंतर कळलं आणि फार बरं वाटलं. मायकल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात पण एक पुस्तक सलग वाचू शकत नाहीत, कारण पानापानावर अनोळखी शब्दांचा मारा, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी क्वचित येणारे शब्द काढून रोजचे घातले, नवीन शब्द थोडे थोडे आणले आणि एकदा आलेला शब्द पुढे परत परत येईल असं बघितलं, त्यातून 'न्यू मेथड रीडर्स' निघाली. पुढे १९५३ साली त्यांची साधारण दोन हजार शब्दांची जनरल सर्व्हिस लिस्ट आली. ढाक्यातल्या मुलांची जी अडचण होती तीच माझी, शब्दकोश हातात घेऊन पानभर वाचलं की गोष्ट हातातून सुटते आणि कंटाळा येतो, मग पुस्तक कपाटात जातं ते जातंच.

कुठली स्टेज घ्यायची ह्यावर माझं एकच म्हणणं आहे, तुम्हाला जी बरोबर वाटते तिच्या एक खाली घ्या. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे अभ्यासक आहेत, शब्दसंग्रहावर त्यांचं खूप काम आहे, त्यांच्या २००० सालच्या एका अभ्यासातून असं दिसलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत दोनच नवीन चालतील. दुकानात पुस्तक उघडून मधलं एखादं पान वाचा, पाच-सहा ठिकाणी अडखळलात तर ते परत ठेवा आणि खालच्या स्टेजचं घ्या. ह्यात लाज वाटायचं कारण नाही. मी स्टेज २ पासून सुरू केलं, शेरलॉक होम्सच्या छोट्या गोष्टी आणि 'ड्रॅक्युला', मग स्टेज ३ ला 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'अ ख्रिसमस कॅरल', चौथ्याला 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स', 'ट्रेझर आयलंड', 'थ्री मेन इन अ बोट', पाचव्याला 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' आणि शेवटी सहाव्याला 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. सगळी गाडीत वाचली, ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून वाशी किंवा पनवेल, मिळेल ती गाडी आणि बसायला मिळालं की पुस्तक. पातळ असतात, उभ्यानेही एका हातात धरता येतात, गर्दीत हा मोठाच फायदा.

सलग, न अडखळता, इंग्रजी पुस्तक संपवण्याचा आनंद काय असतो हे ज्यांनी लहानपणापासून इंग्रजी वाचलंय त्यांना कदाचित कळणार नाही. 'हाउंड' वाचताना सर हेन्रीचा एक नवा बूट हॉटेलातून गायब होतो, मग एक जुना गायब होतो आणि नवा परत सापडतो, हे आलं तेव्हा मी घणसोलीला उतरायचं ते पुढच्या स्टेशनला उतरले आणि तिथून रिक्षा केली, पण तोपर्यंत मी इंग्रजी वाचतेय हे डोक्यातच नव्हतं. बुकवर्म्सचं सगळ्यात मोठं यश मी हेच मानते.

आता कमी काय पडतं ते.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' सोप्या आवृत्तीत वाचून झाल्यावर मी मूळ उघडलं गुटेनबर्गवर. पहिल्याच पानावर छोटा पिप दफनभूमीत उभा आहे, आईवडिलांना त्याने कधी बघितलेलं नाही, तर थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून तो वडील कसे दिसत असतील ह्याचा अंदाज बांधतो. शेजारी त्याच्या लहानपणीच गेलेल्या पाच भावांचे छोटे छोटे दगड एका रांगेत आहेत, आणि त्या दगडांचा आकार बघून त्याची पक्की समजूत झालीय की ते पाचही जण पाठीवर झोपून, खिशात हात घालूनच जन्माला आले आणि शेवटपर्यंत त्यांनी हात बाहेर काढलेच नाहीत. वाचताना हसू येतं आणि त्याच क्षणी गळ्यात आवंढा येतो. पाच मुलं गेलेल्या घराबद्दल वाचून आपल्याला हसवायचं आणि त्यातूनच त्या पोराचं एकटेपण दाखवायचं, हे डिकन्स एका लांबलचक वाक्यात करतो. अठराशे शब्दांच्या मर्यादेत हा आवाज बसवणं कुणालाही अवघडच आहे. गोष्ट तीच राहते, पिप, जो, मॅग्विच, मिस हॅव्हिशॅम, तिच्या घरातली नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबवलेली घड्याळं, सगळं काय घडलं ते कळतं, पण मोठा झालेला पिप लहानपणच्या स्वतःकडे वळून बघत ज्या मायेने आणि खोडकरपणे बोलतो ते बोलणं मूळ वाचल्याशिवाय मिळत नाही. आणि क्लासिक क्लासिक म्हणतात ते त्या बोलण्यालाच. त्यामुळे बुकवर्म्स वाचून झाल्यावर 'मी डिकन्स वाचला' म्हणून थांबू नका, कळकळीने सांगते.

पण उडी मोठी आहे हेही खरं. त्याच नेशन यांनी २००६ साली हिशोब मांडला होता की सोप्या न केलेल्या कादंबऱ्या आरामात वाचायला साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुळं, म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ, माहीत असावी लागतात. बुकवर्म्सची शेवटची पायरी २५०० ला संपते. म्हणजे जिना संपतो आणि माडी अजून बरीच वर आहे. लांबीचंही तसंच, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मूळ सव्वा लाखाच्या आसपास शब्दांचं, बुकवर्म्सचं स्टेज ६ तीस हजाराच्या आसपास. मी बघितलंय की बरेच लोक इथेच सोडतात, सोपं वाचून झालं, आता मूळ घेऊया म्हणून उत्साहाने घेतात आणि तिसऱ्या पानावर थांबतात.

ही मधली जागा भरून काढली ती लिब्रिवॉक्सने. म्हणून ह्या रिव्ह्यूत मला सगळ्यात जास्त त्याच्याबद्दल बोलायचंय.

लिब्रिवॉक्स २००५ साली कॅनडात माँट्रियलला ह्यू मॅग्वायर यांनी सुरू केलं. कल्पना साधी, ज्या पुस्तकांचा कॉपीराइट संपलाय ती जगभरातल्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरी वाचून रेकॉर्ड करायची आणि सगळ्यांना फुकट द्यायची. जाहिरात नाही, सबस्क्रिप्शन नाही, एमपीथ्री डाउनलोड करा आणि ऐका. त्यांचं पहिलं पुस्तक कुठलं होतं माहितीय, जोसेफ कॉनरॅडचं 'द सीक्रेट एजंट'. आणि कॉनरॅड हा जन्माने पोलिश माणूस, १८५७ चा, आधी पोलिश, मग फ्रेंच, आणि इंग्रजी त्याची तिसरी भाषा, तीसुद्धा विशी उलटल्यावर बोटीवर काम करता करता शिकलेली. हाच माणूस १८८४ साली आपल्या मुंबई बंदरातून 'नार्सिसस' जहाजावर सेकंड मेट म्हणून निघाला होता. इंग्रजी आईकडून मिळालेली नसताना त्याच भाषेत मोठा लेखक झालेला माणूस, मला फार धीर येतो असं काही वाचलं की.

ऐकण्याचं एवढं का सांगतेय, तर 'फ्रँकेन्स्टाइन'मध्येच ह्याचं उत्तर आहे. मेरी शेलीने ते लिहायला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, पुस्तक १८१८ ला आलं. त्यातल्या त्या राक्षसाला जगात कुणी जवळ करत नाही, तो एका घराच्या पडवीत लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून आतल्या कुटुंबाला बघतो, त्यांचं बोलणं ऐकतो. कुठला आवाज कुठल्या वस्तूसाठी येतो हे तो रोज ऐकून ऐकून जुळवतो, आधी विस्तव, दूध, भाकरी, लाकूड असले शब्द, मग घरातल्या माणसांची नावं. नंतर त्या घरात परक्या देशातून आलेल्या मुलीला भाषा शिकवायला लागतात तर हासुद्धा बाहेरून तिच्याबरोबर शिकतो. आणि मग त्याला रानात एक बॅग सापडते, तिच्यात पुस्तकं, मिल्टन, प्लुटार्क, गटे, ती तो वाचतो आणि वाचून रडतो. आधी कान, मग डोळे. सिनेमात त्याला नुसता घोगऱ्या आवाजात ओरडताना बघितलेलं असतं, मूळ पुस्तकात तो किती सुंदर बोलतो हे वाचून मी थक्क झाले.

माझी पद्धत अशी बसलीय. आधी बुकवर्म्सचं पुस्तक संपवायचं म्हणजे गोष्ट डोक्यात पक्की. मग तेच पुस्तक लिब्रिवॉक्सवर मूळचं, सकाळी गाडीत एक प्रकरण ऐकायचं, स्पीड जरा कमी करून, शब्दाला न थांबता. अर्धं समजत नाही पहिल्या वेळी, समजू नये असंच धरून चाला, पण कोण बोलतंय, भांडतायत का लाडात आहेत, पुढे काय होणार हे आधीच माहीत असल्यामुळे आपण हरवत नाही. आणि वाचणाऱ्याच्या आवाजात अर्थ असतो ना, कुठे थांबला, कुठला शब्द चढवून म्हटला, त्यावरून न कळलेलंही कळतं. रात्री तेच प्रकरण गुटेनबर्गवर डोळ्यांनी वाचायचं, फोनवरच, एखादा शब्द फारच अडला तर दाबून धरला की डिक्शनरी येते. सकाळी कानावरून गेलेलं वाक्य रात्री समोर छापलेलं दिसतं तेव्हा ते ओळखीचं झालेलं असतं. लांब वाक्यांची भीती माझी ह्यानेच गेली. जुन्या इंग्रजीत अर्धविराम टाकत टाकत पाव पानाचं वाक्य असतं, डोळ्यांनी वाचताना मध्येच सुरुवात विसरायला होते, कानाला मात्र ते वाक्य कुठे वळतंय ते लगेच कळतं, आपल्या कीर्तनकारांचं लांब वाक्य आपण कधी अडखळत ऐकतो का.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' ह्या पद्धतीने जे काही उलगडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जेन ऑस्टिनचं १८१३ चं पुस्तक, इंग्लंडातल्या खेड्यातलं, आणि पहिलं प्रकरण म्हणजे जवळजवळ पूर्ण नवराबायकोचं संभाषण. शेजारचा बंगला कुणा श्रीमंत अविवाहित तरुणाने भाड्याने घेतलाय, वर्षाला चार-पाच हजार पौंडांचं उत्पन्न, आपल्या पाच मुलींसाठी केवढी चांगली गोष्ट, तुम्ही ताबडतोब त्याला भेटून या, असं बायको नवऱ्याच्या मागे लागलीय आणि नवरा मुद्दाम न कळल्यासारखं करून तिला चिडवतोय. हे इंग्रजी कानावर पडलं आणि मला आमच्या नात्यातल्या किमान तीन घरांतलं संभाषण ऐकल्यासारखं झालं. स्थळ म्हणतो आपण, तेच. घर बापाच्या नावावर पण मुलगा नसल्यामुळे बापामागे ते दूरच्या नातेवाइकाला जाणार, मुलींना काही नाही, हे समजायला आपल्याकडच्या बाईला तळटीप लागत नाही. मग तो नातेवाईक, मिस्टर कॉलिन्स, त्या पाच मुलींतल्या एलिझाबेथला मागणी घालतो, लग्न का करायचं ह्याची कारणं एक दोन तीन करून सांगतो, त्यात एक कारण असं की माझ्या आश्रयदात्या बाईसाहेबांनी मला लग्न कर म्हणून सांगितलंय. ती नाही म्हणते तर हा म्हणतो, चांगल्या घरच्या मुली पहिल्यांदा नाहीच म्हणतात. हे मी भर गर्दीत ऐकलं आणि मोठ्याने हसले.

ऑफिसातली एक मैत्रीण ऐरोलीला चढते, तिलाही मी हे लावलं, आता आम्ही एकच प्रकरण ऐकून येतो आणि गाडीत त्यावर बोलतो. ज्या दिवशी शार्लटचं प्रकरण झालं, म्हणजे एलिझाबेथची सत्तावीस वर्षांची मैत्रीण, जी त्याच कॉलिन्सला तीन दिवसांत हो म्हणते कारण तिला घर हवंय, त्या दिवशी घणसोली येईपर्यंत वाद.

"अगं, ती वेडी आहे का, असल्या माणसाबरोबर आयुष्य काढणार?" मी म्हटलं.

"वेडी कशाला, हुशार आहे. तुला काय माहिती भावाच्या घरात बिनलग्नाचं राहणं म्हणजे काय असतं," ती म्हणाली. "एलिझाबेथचं नशीब चांगलं म्हणून डार्सी भेटला, नसता भेटला तर?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश बाईने असं काही लिहून ठेवलंय की ट्रान्स हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात दोन बायकांनी त्यावरून खरोखर तावातावाने बोलावं. आणि गंमत म्हणजे त्यातलं निम्मं आम्ही इंग्रजीत बोलायला लागलो होतो, कारण पात्रांची वाक्यंच तोंडात होती, ठरवून नाही.

गाडीचं निघालंच तर एक सांगते. ठाण्याला पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून. त्याच दिवसांत तिकडे डिकन्सची 'ब्लीक हाऊस' महिन्याच्या हप्त्यांनी निघत होती आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघत होते. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' तर आठवड्याच्या हप्त्यांनी आली, १८६० च्या डिसेंबरपासून १८६१ च्या ऑगस्टपर्यंत. ह्या कादंबऱ्या लिहिल्याच तुकड्या-तुकड्याने वाचायला, घरात एकाने मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची असंही खूप चालायचं. त्यामुळे रोज प्रवासात एक प्रकरण ऐकणं ही काही तडजोड नाही, त्यांच्या मूळ रीतीच्या ते जवळचंच आहे.

लिब्रिवॉक्समध्ये काय जपून घ्यायचं तेही सांगते. वाचणारे सगळे हौशी आहेत, त्यामुळे दर्जा सारखा नाही. काही जण नाटकातल्या नटासारखे वाचतात, काही जण बातम्या वाचल्यासारखे, कुणाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे पंख्याची घरघर. उच्चार अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, आणखी कुठकुठले. एकाच पुस्तकाची अनेक रेकॉर्डिंग असतात, त्यातलं 'सोलो' म्हणजे पूर्ण पुस्तक एकाच माणसाने वाचलेलं घ्या, नाहीतर प्रकरणागणिक आवाज बदलतो आणि शिकणाऱ्याचा कान परत परत नव्याने जुळवावा लागतो. आधी दोन-तीन मिनिटं ऐकून बघा, आवाज नाही आवडला तर दुसरा शोधा, फुकट आहे. ज्यांना संवाद आवडतात त्यांना 'ड्रॅमॅटिक रीडिंग' म्हणून वेगळी असतात, प्रत्येक पात्राला वेगळा माणूस, पण ती मूळ पुस्तक एकदा नीट ऐकून झाल्यावरच. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, प्रवासात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आणि नवीन पुस्तकं इथे शोधू नका, मिळणार नाहीत, सगळा जुनाच माल आहे. लिब्रिवॉक्स अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे चालतं, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे डिकन्स, ऑस्टिन, शेरलॉक होम्सवाला डॉयल ह्यांचा प्रश्न नाही.

गुटेनबर्गबद्दल थोडक्यात. १९७१ ला मायकल हार्ट ह्या माणसाने इलिनॉय विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप केला तिथून ते सुरू झालं, आता सत्तर हजारांच्या वर पुस्तकं आहेत. दिसायला साधं, पण मजकूर स्वच्छ आणि फोनवर पटकन उघडतो. फक्त तिथे शब्दार्थ किंवा टिपा मिळतीलच असं नाही, त्यामुळे हातात मदत हवी असेल तर टिपा असलेली छापील आवृत्ती घ्यावी.

मला ऑफिसात एका सरांनी विचारलं, "मॅडम, दोनशे वर्षं जुनं इंग्रजी शिकून मेलमध्ये काय फायदा?" प्रश्न बरोबर आहे. ऑस्टिनसारखी वाक्यं मेलमध्ये लिहिली तर लोक घाबरतील. पण मला जे मिळालं ते असं, लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत ते डोक्यात धरून ठेवता येतं, त्यामुळे मीटिंगमध्ये बोलणाऱ्याच्या मागे पडत नाही. नाराजी सभ्यपणे कशी सांगायची, नकार न दुखावता कसा द्यायचा, हे एलिझाबेथच्या बोलण्यातून कानात बसलं. आणि 'थ्री मेन इन अ बोट', १८८९ चं, त्याचं इंग्रजी तर आजही बरंचसं चालतं, त्यातले पॉजर काका भिंतीवर एक फोटो लावायला अख्खं घर कामाला लावतात ते प्रकरण किंवा अननसाचा डबा आहे पण फोडायला ओपनर नाही ते प्रकरण, चिं. वि. जोशींचा चिमणराव ज्यांना आवडतो त्यांनी हे चुकवूच नये. विनोद परक्या भाषेत कळायला लागला की ती भाषा आपली व्हायला लागली असं मला वाटतं, कारण विनोद समजावून सांगता येत नाही, तो थेटच पोचावा लागतो.

शेक्सपिअरसाठी लोक लॅम्ब बहीणभावाच्या गोष्टी सुचवतात, १८०७ च्या, वीस नाटकं गोष्टीरूपात. सुखान्त नाटकं मेरीने केलीत आणि शोकान्त चार्ल्सने. मुलांसाठी म्हणून लिहिलीत खरी पण ते १८०७ चं इंग्रजी आहे, वाक्यं चांगलीच लांब, त्यामुळे सुरुवातीला घेऊ नका. त्यापेक्षा देवलांचा 'झुंझारराव' वाचा, तो 'ऑथेल्लो'च आहे, किंवा शिरवाडकरांचा 'राजमुकुट', म्हणजे 'मॅकबेथ', आणि गोष्ट अशी मराठीतून पक्की करून मग लॅम्बकडे जा. आपल्या भाषेतून आधी गोष्ट माहीत करून घेणं ह्यात काही फसवाफसवी नाही, उलट तोच सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

काही पुस्तकं मूळ रूपात लवकर घेऊ नयेत. 'वदरिंग हाइट्स'मधला नोकर जोसेफ यॉर्कशरच्या बोलीत बोलतो, ते ऐकून काही म्हणजे काही कळत नाही. हार्डीच्या कादंबऱ्यांतले शेतकरीही तसेच. ही दोन्ही बुकवर्म्समध्ये वाचा आणि मूळ नंतरसाठी ठेवा.

बुकवर्म्सची नवीन पुस्तकं आकाराच्या मानाने महाग वाटतात, तीन-चार जणांनी मिळून घेतली तर बरं, आम्ही ऑफिसात तसंच करतो. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी मिळाली तर उत्तमच, फक्त ऑडिओ त्यासोबत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या कंपन्यांचीही अशी पुस्तकं येतात, पेंग्विन, मॅकमिलन, पण त्यांच्या पायऱ्या वेगळ्या मोजलेल्या असतात, एकाची चौथी म्हणजे दुसऱ्याची चौथी नाही, घेताना शब्दसंख्या बघून घ्या.

माझे मार्क : बुकवर्म्सला पाचपैकी चार, लिब्रिवॉक्सला साडेचार, आवाज निवडायला वेळ जातो म्हणून अर्धा कापला. आणि मूळ पुस्तक पहिल्यांदाच घेणार असाल तर 'अ ख्रिसमस कॅरल' घ्या. १८४३ चं आहे, पाचच भाग, बुकवर्म्समध्ये स्टेज ३ ला मिळतं, आणि लिब्रिवॉक्सवर त्याची बरीच रेकॉर्डिंग आहेत, पहिला भाग भुताचा आहे तो रात्री दिवा मालवून ऐका.